करडईच्या तेलाची बाटली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी न अडखळता सोपानमामाचं नाव घेतो. सोपानमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. चकलांब्यात शेळ्या राखायचा. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात त्याचे दोन्ही कान गेले. तोवर तो बोलायला शिकला होता, त्यामुळे बोलणं राहिलं; पण स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यानं तो जे काही बोलायचा ते या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसं. माझे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळा लागता लागता परत यायचे. माझ्याबरोबरीची पोरं त्यांच्या आई-वडलांबरोबर जायची आणि त्यांची शाळा तिथंच तुटायची. माझी तुटली नाही, कारण मामा आईला म्हणाला, "अंकुशाला माझ्याकडं ठिव. शेळ्या धा हायेत, अकरावा ह्यो." हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की माझं मागं राहणं त्याच दिवशी गावभर झालं आणि मग घरात कुणाला माघार घेता येईना.

मामा शाळेत गेलाच नव्हता. कान गेल्यावर त्याला कोण घेणार? पण मी पहिलीला बसलो आणि संध्याकाळी अंगणातल्या मातीत काडीनं अक्षरं गिरवू लागलो, तसा तोही शेजारी बसून गिरवू लागला. मी काढायचो 'घर', तो घराकडं बोट दाखवायचा. मी चौथीत जाईपर्यंत तो शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलटसुलट वाचून मगच टाकायचा. एरवी त्याला ओठांवरून बोलणं कळायचं, मात्र तोंड मोठं उघडून बोलावं लागायचं. त्या सवयीनं माझाही आवाज मोठा झाला तो झालाच. आजही फोनवर बोलताना माझी मुलगी म्हणते, "बाबा, समोरच्याकडं फोन आहे, तुम्ही खिडकीतून ओरडू नका."

असल्या घरात गुपित राहत नाही. एकदा मामानं मटणाचं कोरड्यास केलं आणि मला बजावलं, "कुणाला सांगू नगंस, दोघापुरतंच हाय!" पाच मिनिटांत शेजारच्या दोन म्हाताऱ्या वाट्या घेऊन दारात हजर. मामानं त्यांना वाढलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं. मीच फोडलं, असं त्याला अखेरपर्यंत वाटत राहिलं. दुसऱ्या एका वेळेला आमची काळी शेळी महादूअण्णांच्या हरभऱ्यात शिरली आणि कोपऱ्यातला चांगला मोठा तुकडा साफ करून आली. बघितलं कुणीच नव्हतं. मामा तिला बांधून थेट अण्णांच्या दारात गेला आणि गरजला, "माझ्या शेळीनं तुमचा हरभरा खाल्ला!" आळीतली माणसं बाहेर आली. अण्णाच ओशाळले. म्हणाले, "आरं, हळू बोल की सोपाना! लई न्हाई खाल्ला, जाऊ दे." मग त्यांनी मामाला ओसरीवर बसवून चहा पाजला. मलाही अर्धा कप मिळाला. चूक कबूल केली की चहा मिळतो, अशी माझी त्या वयात पक्की समजूत झाली.

मामाची शेळी बघायची रीत वेगळी होती. बाजारात इतर लोक शेळीचे दात बघायचे, मामा आधी तिच्यावरून हात फिरवायचा. "आधी हात, मंग डोळं," असं त्याचं म्हणणं. पाठीवरून पोटाकडं तळवा सावकाश नेला की कुठं गाठ आहे, कुठं काटा मोडलाय, ते त्याला कळायचं. डोळे लावायचे ते सकाळच्या उन्हात, उकिडवं बसून. ऊन आडवं आलं पाहिजे. शेळीच्या अंगावरची चमक सलग दिसली तर जनावर निरोगी, कुठं तुटली तर तिथं काहीतरी आहे. मला हे सगळं खेळ वाटायचं.

आणि तेल. मामा ज्वारीच्या कडेनं करडईच्या चार ओळी पेरायचा. करडईला काटे, त्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि वर तेलाला बी मिळतं. ते घाण्यावरून गाळून आणलं की घरभर वास सुटायचा. ठेचा खलबत्त्यातून काढला की त्याच्यावर तेलाची धार, गरम भाकरी आणि कांदा. त्यापुढं मला अजून कुठल्या हॉटेलातलं ताट रुचत नाही. पण ते तेल खाण्यापुरतं नव्हतं. थंडी लागली की रोज सकाळी अंघोळ झाल्यावर दोन थेंब बेंबीत. "बेंबीत तेल घातलं की ओठ फुटत न्हाईत," मामा सांगायचा. पुढं मी गेवराईच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो, आमच्या दोन्ही घरांतला पहिला पदवीधर. बेंबीचा आणि ओठांचा संबंध मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. तरी मी तेल घालतच राहिलो, आणि ओठ कधी फुटले नाहीत हेही खरं.

पदवीनंतर माझी निवड झाली ती चाकणला, मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत, ट्रेनी म्हणून. चाकण म्हणजे तेव्हा मला एक अजब गाव वाटलं. एका बाजूला कांद्याचा बाजार, पोत्यांच्या थप्प्या, बैलगाडी नाहीतर टेम्पो. आणि रस्ता ओलांडला की किलोमीटरभर लांब पत्र्याच्या भिंती. नव्याकोऱ्या गाड्या पोटात घेऊन जाणारे लांबच लांब ट्रेलर चौकात वळायला लागले की सगळी वाहतूक थांबायची, आणि कांदेवाले त्या ट्रेलरकडं बघत बिडी ओढत उभे राहायचे. आमची खोलीही कांद्याच्या वावरातच होती. मालकानं अर्ध्या वावरात पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली होती आणि उरलेल्या अर्ध्यात कांदा लावला होता. सकाळी भोंगा झाला की खोल्याखोल्यांतून निळे शर्ट बाहेर पडायचे. लातूरचे, परभणीचे, नांदेडचे, विदर्भातले. कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही, जिल्हा विचारायचे.

माझ्या खोलीत दत्ता होता. तो मांजरसुंब्याचा, त्याच्या चुलत्याचा तिथं हायवेला ढाबा. दत्ता अतिशय देखणा आणि त्याला ते अतिशय ठाऊक. आरशासमोर त्याचा अर्धा तास जायचा. जेल लावून केस असे उभे करायचा की टोपी घातली तरी काढल्यावर परत उभे. मी म्हणायचो, "तुझ्या केसाला सलाम." तो म्हणायचा, "बे, तुला कावून जळतंय? तुझं तोंड आरशात बसत न्हाई त्याला मी काय करू?" स्वयंपाक मात्र तो करायचा, ढाब्यावर शिकलेला, आणि भांडी मी घासायचो. आमचं छान चाललं होतं.

आम्ही दोघंही पेंटशॉपमध्ये होतो. गाडीचा नुसता सांगाडा तिथं रंगायला येतो. रंग मारतात यंत्रं, पण त्याआधी सांगाड्यावरचा बारीक धुळीचा कणसुद्धा टिपून घ्यावा लागतो, आणि ते काम माणसाचं. त्यासाठी चिकटसर कापड असतं. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट घालून, दोन्ही बाजूंना उभे राहून, पुढं सरकणाऱ्या गाडीवरून ते कापड फिरवायचो. काही गाड्या झाल्या की नवं कापड. नवं कापड घ्यायला दर वेळी मागच्या टेबलाकडं वळावं लागायचं. मला ती गैरसोय वाटली. मामा रानात जाताना फडक्यात बांधलेली भाकरी सदऱ्याच्या आत, पोटाशी खोवायचा. हात मोकळे राहतात आणि धूळ लागत नाही. मीही तसंच केलं. सूटची चेन थोडी उघडून दोन जादा कापडं आत पोटाशी खोवून ठेवायची. शेलार साहेबांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, एकदा बघितलं आणि म्हणाले, "शाबास, डोकं वापरतोस." मी आठवडाभर हवेत होतो.

पेंटशॉपच्या दारावर मोठा फलक होता. केसाला तेल, जेल, अंगाला सेंट, पावडर, क्रीम लावून आत येऊ नये. कारण रंगाला तेलाचा अंश लागला की तो तिथून पळतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा खळगा राहतो. रोज दारात शेलार साहेब प्रत्येकाला विचारायचे, "केसाला काही? अंगाला काही?" मी रोज प्रामाणिकपणे सांगायचो, "काही नाही, साहेब." दत्ता जेल घरी गेल्यावर लावायचा, कामावर येताना डोकं साबणानं धुऊन यायचा. पण त्याचे केस सवयीनं उभेच राहायचे, त्याला तो तरी काय करणार!

दिवाळीला आम्ही गावी गेलो. परत निघताना मामानं एका बाटलीत तेल भरून दिलं, बूच फडक्यानं घट्ट बांधलं आणि सबंध एसटी स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "थंडी पडली! बेंबीत घालत जा!" दत्ता त्या गाडीत पुढं मांजरसुंब्याला चढला, तोवर गाडीतल्या सगळ्यांना माझ्या बेंबीची माहिती झाली होती.

त्यानंतर आठवडाभरात गाड्यांवर खळगे दिसू लागले. बहुतेक बॉनेटवर, एकदोन गाड्यांवर दाट, मग पाचसहा साफ, मग पुन्हा. रंगाची टाकी तपासली, हवेच्या नळ्या तपासल्या, काही सापडेना. मग लक्षात आलं की खळगे फक्त आमच्याच तुकडीच्या पाळीत येतात. साहेबांचे साहेब आले. त्यांनी आम्हांला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "ज्याच्यामुळे हे होतंय त्याला ट्रेनी म्हणून ठेवणार नाही. घरी जावं लागेल." सगळ्यांच्या नजरा आपोआप दत्ताच्या केसांकडं गेल्या. शनिवारी त्याला कार्ड जमा करायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "साहेब, मी डोकं धुऊन येतो." कुणी ऐकलं नाही.

त्या शनिवारी पाळी सुटताना मी बाजूला काढलेल्या एका बॉनेटपाशी थांबलो. ट्यूबलाइटचा उजेड आडवा येत होता. मी सवयीनं उकिडवा बसलो आणि चमक कुठं तुटते ते बघितलं. केसातून काही पडलं असतं तर खळगे विखुरले असते. हे तसे नव्हते. एका कोपऱ्यात दाट, आणि तिथून हात फिरतो त्या वाटेनं विरळ होत गेलेले. ओल्या मातीतून शेळ्या गेल्यावर खुरांची वाट दिसावी तसे. म्हणजे खोट केसात नव्हती, कापडात होती. आणि नवं कापड जिथं पहिल्यांदा टेकतं तिथं ती जास्त उतरत होती. कापडाची गठडीच खराब आली असेल, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी दत्ता खिन्नपणे ट्रंक भरत होता. मी अंघोळ करून आलो, बाटली उघडली, बनियन वर केलं आणि दोन थेंब बेंबीत सोडले. दत्ता बघत होता. एवढ्या दुःखातही त्याला राहवलं नाही. "बे अंकुशा, बेंबीत तेल घालून तू काय शिलाई मशीन हायस का?" मी हसलो, बनियन खाली केलं, आणि बनियनवर उमटलेला तेलाचा डाग मला दिसला. तिथंच मी कापडं खोवत होतो.

मी धुतलेला रुमाल घेतला, पोटाशी खोवला, पाच मिनिटं खोलीत फेऱ्या मारल्या. मग तो रुमाल स्टीलच्या ताटावरून फिरवला आणि ताटावर तोंडानं 'हा' केलं. वाफ बसली, पण रुमाल जिथं पहिल्यांदा टेकला होता तिथं ती बसेना. एक तेलकट पट्टा तेवढा चमकत राहिला. मी ताट दत्तापुढं धरलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. आधी तो खो खो हसला. मग त्यानं मला दोन शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. मग ट्रंकेवर बसला.

"आता आईक," तो म्हणाला. "तू उद्यापासून तेल बंद कर. खळगे थांबतील. ते म्हणतील दत्ताचंच व्हतं. मला चुलत्याचा ढाबा हाय. तुला काय हाय? परत गेला तर कोयताच हाय हातात."

हे खरं होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप जुळत होतं. आज सांगायला लाज वाटते, पण पंधरा-वीस मिनिटं मी ते खरोखर मनात घोळवलं. आईचा चेहरा दिसला, नोकरीचं पत्र आल्यावर तिनं वाटलेले पेढे दिसले. पण गप्प बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेच मला येईना. ज्या घरात कोरड्यासाची गोष्टसुद्धा दोघांत राहिली नाही, तिथं मी वाढलो होतो. मला महादूअण्णांच्या दारात उभा राहिलेला मामा दिसला. मी म्हणालो, "दत्ता, ट्रंक उघड. भाजी तू टाक, मी भाकरीचं पीठ मळतो."

सोमवारी मी दारातच शेलार साहेबांना गाठलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "केसाला काही? अंगाला काही?"

"साहेब, बेंबीला."

"काय?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी मामाशी बोलतो त्या आवाजात सांगितलं, "साहेब, मी बेंबीत तेल घालतो! करडईचं! खळगे माझ्यामुळं आले, दत्ताचा काही दोष नाही!"

आत जाणारी पाळी आणि बाहेर येणारी पाळी, दोन्ही जागच्या जागी थांबल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तो हशा असा उठला की फलकाखालचा सुरक्षारक्षकसुद्धा भिंतीला टेकला. शेलार साहेब हसले नाहीत. मला केबिनमध्ये नेलं. मी सगळं सांगितलं. पोटाशी खोवलेली कापडं, बॉनेटवरची वाट, ताटावरची वाफ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बीएस्सी केमिस्ट्री ना रे तू?"

"हो साहेब."

"आणि फलक वाचलास?"

"वाचला साहेब. त्यात बेंबी नव्हती."

आता मात्र ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाले, "खळग्यांची वाट ओळखायला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "मामानं. शेळ्या राखतो." त्यांनी शिपायाला हाक मारली आणि दोन चहा सांगितले. चहाचा कप हातात आला तेव्हा आतून मला पक्कं कळलं की आता बरं होणार.

अगदी सुटलो असं नाही. माझं शिकाऊपण सहा महिन्यांनी लांबवलं आणि पेंटशॉपमधून मला काढलं. शेजारी बॉडीशॉप, तिथं पत्रे जोडून सांगाडा बनतो. तिथल्या तपासणीला मला टाकलं. पांढरे हातमोजे घालून कोऱ्या पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि डोळ्याला न दिसणारा पोचा शोधायचा. पहिल्या दिवशी तिथल्या जुन्या कामगारानं मला सांगितलं, "घाई करू नको, हाताला आधी कळतं." मी मनात म्हणालो, हे मला माहीत आहे. त्याच कामात मी पुढं कायम झालो आणि आजही तेच काम नव्या मुलांना शिकवतो. दत्ता दुसऱ्याच दिवशी परत आत आला, आणि त्यानं केस बारीक कापून घेतले. त्याला ते आणखीच शोभले, हे सांगायला नको. पेंटशॉपच्या दारावरचा फलक नवा झाला तेव्हा शेवटी एक ओळ वाढली होती: बेंबीत तेल घालू नये. बाहेरून येणारे पाहुणे ती ओळ वाचून थबकतात.

मामाला फोनचा उपयोग नव्हता. त्यामुळे त्याला मी पत्रं लिहायचो, मोठ्या अक्षरांत, मातीत लिहायचो तशी. त्या आठवड्यात लिहिलेलं पत्र त्यानं देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवलं होतं. मामा गेल्यावर ते माझ्याकडं आलं. कागदाला कडेनं करडईच्या तेलाची बोटं लागलेली आहेत.

तीर्थरूप सोपानमामा,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. ओठ फुटले नाहीत.

तुझ्या तेलानं इथं बऱ्याच गाड्यांचा रंग बिघडला. तेल चांगलं आहे, चूक माझी. मी साहेबांना मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांनी चहा पाजला.

आता मला दुसऱ्या ठिकाणी टाकलंय. शेळीवरून फिरवतोस तसा पत्र्यावरून हात फिरवायचा. आधी हात, मग डोळे. साहेब म्हणाले, तुझ्या मामाला आमचा नमस्कार सांग. म्हणून सांगतो.

आणखी एक गंमत. इथं पत्रे जोडताना इतका आवाज होतो की सगळ्यांना कानात बोंडं घालावी लागतात. कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे ओठांकडं बघतात, हातानं खुणा करतात. नव्या माणसाला हे शिकायला महिना लागतो. मला पहिल्या दिवसापासून येतंय. सगळे विचारतात, हे कुठं शिकलास?

उन्हाळ्यात शेळ्या आईकडं सोपवून चार दिवस इकडं ये. इथं तुला कुणी बहिरा म्हणणार नाही. आम्ही सगळेच तसे आहोत.

तेल संपत आलंय. दुसरी बाटली घेऊन ये. आता फक्त सुट्टीच्या दिवशी घालतो.

तुझा,
अकरावा